कचेरीचें टपाल घरबसल्या

हल्लीं आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलांच्या घरीं एक गोष्ट नित्य घडते. वडील किंवा आई कचेरींतून येतात, हातपाय धुतात, चहा घेतात, आणि मग फोन काढून अथवा टेबलावरील संगणक उघडून पुन्हां कचेरीचींच पत्रें वाचूं लागतात. ज्या कचेरीचें दार सहा वाजतां बंद झालें, तिचें टपाल रात्रीं नऊ वाजतां आपल्या घरांत कसें येतें, असें विचारलें असतां बहुतेक मुलें उत्तर देतात, "पत्र फोनमध्यें आलें." मोठीं माणसेंहि बहुधा हेंच उत्तर देतात. तें उत्तर कधीं खरें असतें, कधीं अर्धें खरें असतें, आणि कधीं अगदींच खोटें असतें. ह्यांतला भेद न कळल्यामुळें पत्रें हरवतात, कामें खोळंबतात, आणि क्वचित् प्रसंगीं निरपराध माणसावर आळहि येतो. हा भेद कोठून उत्पन्न झाला, आणि निरनिराळ्या मेल प्रोग्रामांनीं दुरून कचेरीचें टपाल पाहतांना कोणती काळजी घ्यावी, हें ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आधीं पत्राचा मार्ग पाहूं. समजा, पुण्याच्या एका व्यापाऱ्यानें मुंबईच्या एका कचेरीस पत्र लिहिलें. त्याचा प्रोग्राम तें पत्र त्याच्या बाजूच्या सर्व्हरच्या स्वाधीन करतो. सर्व्हर म्हणजे अहोरात्र जागा राहून इतर संगणकांच्या मागण्या पुरविणारा संगणक. तो पत्त्याचा उत्तरार्ध, म्हणजे वेटोळ्याच्या 'ॲट' चिन्हापुढील नांव, वाचून त्या कचेरीचा सर्व्हर कोणता हें शोधून काढतो व पत्र तेथें पोहोंचवितो. (कचेरी मुंबईस असली म्हणून तिचा सर्व्हरहि मुंबईसच असेल असें नाहीं, तो परदेशांत असणेंहि अगदीं संभवनीय आहे.) पत्त्याच्या पूर्वार्धावरून तेथील पेटी ठरते आणि पत्र त्या पेटींत पडतें.

येथपर्यंतचा प्रवास पोस्टाच्या पत्रासारखाच झाला. परंतु पोस्टाच्या पत्रास शेवटीं पोस्टमन मिळतो, व तो दारीं येऊन हांक मारतो. ई-मेलला असा पोस्टमन नाहीं. पत्र पेटींत पडून राहतें, आणि तें पाहावयास पेटीपर्यंत आपल्यासच जावें लागतें. हें जाण्याचें काम मेल प्रोग्रामचें. थंडरबर्ड, आउटलुक, ॲपल मेल, फोनवरील जीमेल, हे सर्व ह्या एकाच कामास ठेविलेले निरनिराळे गडी आहेत. गडी कोणताहि असो. तो पेटीपाशीं जाऊन पत्र उचलून घरीं आणतो, कीं पत्र तेथेंच ठेवून आपल्याला दाखवितो, हा खरा प्रश्न आहे.

प्रारंभीं हा प्रश्नच नव्हता. 1971 सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन ह्यांनीं जाळ्यानें जोडलेल्या एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याची सोय केली, आणि माणसाचें नांव व यंत्राचें नांव ह्यांच्या मध्यें तें वेटोळ्याचें चिन्ह घातलें. त्या वेळीं संगणक मोठमोठे, थोडे व सामाईक असत. वाचणारा त्याच यंत्रास जोडलेल्या पडद्यापुढें बसे. पत्र जेथें येई तेथेंच वाचलें जाई. 1982 सालीं जॉन पोस्टेल ह्यांनीं पत्र एका सर्व्हरहून दुसऱ्याकडे नेण्याचे नियम लिहिले. त्यांस एसएमटीपी म्हणतात, आणि पुढें त्यांत कितीहि भर पडली असली तरी जगाचें टपाल आजहि त्याच पायावर चालतें. पण त्याच सुमारास टेबलावर मावणारे स्वतंत्र संगणक निघाले. ते रात्रीं बंद केले जात, म्हणून पत्र स्वीकारावयास सदैव जागें राहणें त्यांच्यानें होत नसे. पत्र एकीकडे व वाचणारा दुसरीकडे अशी ताटातूट झाली. ती सांधण्यासाठीं दोन उपाय निघाले. त्यांच्यामध्यें अवघ्या दोन वर्षांचें अंतर आहे, पण त्यांचे स्वभाव अगदीं उलट आहेत.

पहिला उपाय 1984 सालचा. त्याचें नांव पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, संक्षेपानें पॉप. त्याचा पहिला मसुदा जॉइस रेनॉल्ड्स ह्या विदुषीनें प्रसिद्ध केला, आणि हल्लीं चालू असलेली तिसरी आवृत्ति 1988 सालीं निघाली. पॉपचा गडी पेटीपाशीं जातो, नांव व पासवर्ड सांगतो, किती पत्रें आलीं आहेत तें विचारतो, एकेक उचलतो, "आतां हें पुसून टाका" असें सर्व्हरला सांगतो, आणि निघून येतो. पेटी रिकामी झाली, पिशवी भरली. ह्यापुढें त्या पत्रांचें वसतिस्थान म्हणजे आपल्या घरचा संगणक, आणि दुसरें कोठेंहि नाहीं.

आज ही रीत आडमुठी वाटेल, पण तिच्या काळीं ती शहाणपणाची होती. आपल्या देशांत सर्वसाधारण लोकांस इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजीं विदेश संचार निगमाच्या द्वारें खुलें झालें. तेव्हां टेलिफोनच्या तारेस मोडेम लावून जोडणी करीत, आणि जोडलेल्या वेळाचे पैसे पडत. अशा वेळीं धांवत जाऊन पत्रें उचलावीं, जोडणी सोडावी, आणि मग निवांत वाचीत बसावें, हेंच काटकसरीचें होतें. शिवाय सर्व्हरवर जागाहि थोडी असे. पेटी वेळींच रिकामी न केल्यास नवीं पत्रें परत फिरत.

पॉप वापरणाऱ्या प्रोग्रामांत 'युडोरा' फार लोकप्रिय झाला. इलिनॉय विद्यापीठांत स्टीव्ह डॉर्नर ह्यांनीं तो 1988 सालीं तयार केला, आणि त्याला अमेरिकन लेखिका युडोरा वेल्टी ह्यांचें नांव दिलें. ह्याला कारण त्या लेखिकेची 1941 सालची एक गोष्ट. तींत मिसिसिपींतील एका लहानशा खेड्याची पोस्टमास्तरीण घरच्यांशीं भांडून, आपलें सगळें सामानसुमान उचलून, पोस्टांतच राहावयास जाते! इंग्रजीच्या शिक्षकांनीं वरच्या वर्गांस ही गोष्ट अवश्य वाचून दाखवावी; हसूं आवरत नाहीं. युडोरा प्रोग्रामचा काळ आतां संपला आहे. 2018 सालीं त्याची मूळ संहिता कॅलिफोर्नियांतील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयानें सर्वांस पाहावयास खुली केली.

पॉपची रीत मात्र युडोराबरोबर संपली नाहीं. ती अजून अनेक प्रोग्रामांत आहे, आणि तिच्यामुळें काय होतें हें समजावें म्हणून एका शाळेंतील हकीकत सांगतों. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथील कारकुनांच्या मातोश्री आजारी पडल्या, त्यामुळें संध्याकाळीं उशिरापर्यंत कचेरींत थांबणें त्यांस अशक्य झालें. बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, परवानगीनें त्यांनीं घरच्या संगणकावर शाळेचें टपाल पाहण्याची व्यवस्था करून घेतली. पहिले आठ दिवस त्यांनीं रोज पडताळून पाहिलें: घरीं वाचलेलें पत्र शाळेंतहि दिसे. सर्व ठीक आहे असें समजून ते निर्धास्त झाले. तिसऱ्या आठवड्यांत परीक्षा मंडळाकडून आलेलें, एका विद्यार्थ्याच्या नांवांतील दुरुस्तीचें पत्र हवें झालें. तें शाळेच्या पेटींत नव्हतें. त्याच्या आगेमागेचीं पत्रेंहि नव्हतीं.

"भाऊसाहेब, ह्यांतलीं जुनीं पत्रें कोठें गेलीं?" असें बाईंनीं विचारलें.

"बाई, मी तर नुसतीं वाचलीं. एकहि पुसलें नाहीं."

बाईंनीं विश्वास ठेविला, पण शाळेंत इतर लोकहि असतात. भाऊसाहेबांच्या सचोटीविषयीं दोन दिवस जी कुजबूज चालली ती आम्हीं स्वतः ऐकली आहे. आम्हांस ह्या विषयाची थोडी माहिती असल्यामुळें घरचा संगणक पाहण्याचें काम आमच्याकडे आलें. कारण सांपडावयास पांच मिनिटें पुरलीं. प्रोग्राम पॉपच्या रीतीनें चालत होता, आणि त्याच्या व्यवस्थेच्या पानावर दोन खुणा पूर्वींच केलेल्या होत्या: 'सर्व्हरवर प्रत ठेवा' आणि, तिच्या खालीं, 'चौदा दिवसांनंतर सर्व्हरवरून काढून टाका.' पुष्कळ प्रोग्रामांत ह्या खुणा आरंभापासूनच असतात. भाऊसाहेबांनीं एकहि पत्र पुसलें नव्हतें हें अक्षरशः खरें होतें. त्यांचा गडी मात्र दर पत्राचे चौदा दिवस भरतांच तें मुकाट्यानें पुशीत होता, आणि एक आठवड्याच्या पडताळ्यांत हें दिसून येणें शक्यच नव्हतें.

पत्रें सगळीं घरच्या संगणकांत सुखरूप होतीं. तीं परत शाळेंत कशीं गेलीं तें पुढें सांगूं. तो संगणक मध्यंतरीं बिघडला असता तर त्या मुलाच्या दुरुस्तीचें पत्र शाळेपाशीं उरलें नसतें, आणि भाऊसाहेबांच्या बाजूनें साक्ष देणारेंहि कांहीं उरलें नसतें.

आतां दुसरा उपाय. 1986 सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत मार्क क्रिस्पिन नांवाचे एक गृहस्थ होते. त्यांचें टपाल विद्यापीठाच्या मोठ्या यंत्रावर येई, आणि वाचावयाचें असे टेबलावरच्या निराळ्या यंत्रावर. पत्रें इकडे उचलून आणण्यापेक्षां तीं तेथेंच ठेवून दुरून वाचावीं, असा त्यांनीं विचार केला, आणि त्यासाठीं एक नवी संभाषणाची रीत बांधली. तिला आयमॅप म्हणतात. तिची चौथी आवृत्ति 1994 सालीं आली. 2003 व 2021 सालीं तिच्यांत सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना बदलली नाहीं. अस्सल पत्र सर्व्हरवर. आपल्या यंत्रावर दिसते ती केवळ नक्कल.

आयमॅपचा गडी पेटी रिकामी करीत नाहीं. तो कचेरींतील चांगल्या दप्तरदारासारखा वागतो. प्रथम तो पत्रांची यादी आणतो: कोणाकडून, केव्हां, कशाविषयीं. एखादें पत्र मागितलें म्हणजे त्याची नक्कल आणून दाखवितो, आणि 'हें वाचलें' अशी खूण अस्सलावर करून ठेवितो. म्हणून सकाळीं फोनवर वाचलेलें पत्र दुपारीं कचेरींतील संगणकावरहि वाचलेलें दिसतें. एकाच पेटीपाशीं फोनवरील प्रोग्राम, घरचा थंडरबर्ड आणि कचेरीचा आउटलुक असे तिघे आले तरी तिघांसहि एकच चित्र दिसतें. ज्याला दोन-तीन ठिकाणांहून टपाल पाहावयाचें आहे त्यानें नवीन खातें जोडतांना 'पॉप कीं आयमॅप' असा प्रश्न येतांच डोळे उघडे ठेवून आयमॅप निवडावें. घाईनें पुढील बटण दाबूं नये.

तथापि आयमॅपमध्येंहि खांचखळगे आहेत. पहिला पुसण्याविषयींचा. आयमॅपच्या नियमांत पत्र पुसणें दोन पायऱ्यांनीं होतें: आधीं पत्रावर 'पुसावयाचें' अशी खूण करावयाची, आणि मग अशीं खुणावलेलीं पत्रें एकदम काढून टाकावयाचीं. कांहीं प्रोग्राम पहिली पायरी करून थांबतात व पत्रावर नुसती रेघ ओढून दाखवितात. कांहीं तें 'ट्रॅश' ह्या कप्प्यांत हलवितात. कांहीं लगेच नाहींसें करतात. आणि अस्सल एकच असल्यामुळें फोनवर पुसलेलें पत्र सर्व ठिकाणांहून जातें. "फोनमधून काढलें, कचेरींत आहेच" असें म्हणणाऱ्यानें आपण कोणत्या रीतीनें पाहतों आहों हें आधीं जाणून घ्यावें. पॉपच्या संवयीचा मनुष्य आयमॅपकडे आला म्हणजे हटकून येथें ठेंच खातो.

दुसरा खळगा धाडलेल्या पत्रांचा. पत्र पाठविणें व पत्र पाहणें हीं दोन स्वतंत्र कामें आहेत. पाठविलेल्या पत्राची स्थळप्रत पेटींत ठेवणें हें बहुधा प्रोग्रामलाच करावें लागतें, आणि प्रत्येक प्रोग्राम आपल्या मनानें कप्प्याला नांव देतो: एकाचा 'सेंट', दुसऱ्याचा 'सेंट आयटम्स', तिसऱ्याचा 'सेंट मेसेजेस'. परिणामीं एकाच माणसाचीं उत्तरें तीन कप्प्यांत विखुरतात, आणि "मीं उत्तर दिलें होतें" हें सिद्ध करतांना नाकीं नऊ येतात. ह्याला उपाय सोपा आहे. प्रोग्रामच्या व्यवस्थेंत स्थळप्रती कोणत्या कप्प्यांत ठेवाव्या तें सांगतां येतें. सर्व यंत्रांवर एकच कप्पा सांगावा.

आणखी एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. अस्सल दूर राहिलें, तर जोडणी तुटल्यावर काय? सायंकाळीं मुंबईहून डेक्कन क्वीननें पुण्यास परतणाऱ्या पालकांस हा अनुभव ठाऊक आहे. कर्जत मागें पडून घाटांतील बोगदे सुरू झाले म्हणजे फोनची जोडणी जाते-येते. जे पालक केवळ ब्राउझरमधून टपाल पाहतात त्यांचें पान तेथेंच अडून बसतें. परंतु थंडरबर्डसारख्या प्रोग्रामला नकला आधींच उतरवून ठेवण्यास सांगितलें असेल, तर बोगद्यांतहि पत्रें वाचतां येतात व उत्तरेंहि लिहितां येतात. लिहिलेलीं उत्तरें 'आउटबॉक्स'मध्यें थांबून राहतात. लोणावळें आल्यावर जोडणी मिळाली कीं तीं पाठवावीं. म्हणजे पॉपची सोय आयमॅपमध्येंहि मिळते, आणि अस्सल जागचें हलत नाहीं.

ब्राउझरचें नांव निघालें आहे तर त्याविषयीं थोडें सांगूं. 1996 सालीं सबीर भाटिया व जॅक स्मिथ ह्यांनीं हॉटमेल सुरू केलें, तेव्हांपासून कोणत्याहि संगणकावर, कोणताहि मेल प्रोग्राम न बसवितां, नुसत्या ब्राउझरनें पेटी उघडण्याची रीत सर्वत्र पसरली. परक्या संगणकावर हीच रीत त्यांतल्या त्यांत बरी, कारण प्रोग्राममध्यें खातें जोडून ठेवावें लागत नाहीं. मात्र काम झाल्यावर 'साइन आउट' केलेंच पाहिजे, आणि 'पासवर्ड लक्षांत ठेवूं कां?' असें ब्राउझरनें विचारल्यास नको म्हणावें. केवळ खिडकी मिटणें म्हणजे दाराला कडी घालणें नव्हे.

"पत्रें येतात, पण घरून जात नाहींत," ही तक्रार आमच्याकडे दुसऱ्या कोणत्याहि तक्रारीपेक्षां अधिक वेळां आली आहे. कारण असें. पत्रें येतात पॉपनें किंवा आयमॅपनें, जातात एसएमटीपीनें. एसएमटीपीचें मूळचें दार 25 क्रमांकाचें. त्या दारानें पूर्वीं कोणीहि पत्र आणून टाकावें अशी मोकळीक होती, आणि फसव्या जाहिराती पाठविणाऱ्यांनीं तिचा इतका दुरुपयोग केला कीं, घरगुती जोडणी देणाऱ्या पुष्कळ कंपन्यांनीं तें दार बंद करून टाकलें. कचेरीच्या भिंतींच्या आंत जी व्यवस्था चालते ती घरीं चालत नाहीं, ती ह्यामुळें. आपल्या माणसांनीं ओळख पटवून पत्र द्यावें म्हणून 1998 सालीं 587 क्रमांकाचें निराळें दार ठरविण्यांत आलें. 465 हें दारहि त्याच कामाचें असून तेथें संभाषण पहिल्या शब्दापासून गुप्त भाषेंत चालतें. आणण्याच्या बाजूस गुप्त संभाषणाचीं दारें आयमॅपसाठीं 993 व पॉपसाठीं 995 हीं आहेत. जुन्या सूचनापत्रकांत 143 किंवा 110 असे आंकडे दिलेले असल्यास ते तसेच भरूं नयेत. तेथें निराळी खबरदारी न घेतल्यास पासवर्ड उघड्यावरून जातो, आणि वाटेंतील कोणीहि तो ऐकूं शकतो.

कांहीं मोठ्या कचेऱ्या पॉप व आयमॅप हीं दोन्ही दारें मुद्दाम बंद ठेवितात. तेथें बहुधा मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज असतो. हा सर्व्हर 1996 सालीं निघाला. तो टपालाबरोबर दिनदर्शिका व पत्त्यांची वही हींहि सांभाळतो, आणि आउटलुकशीं स्वतःच्या भाषेंत बोलतो. फोनसाठीं त्याची एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंक नांवाची निराळी भाषा आहे. ती जोडतांना फोन एक परवानगी मागतो, आणि येथें आमची पालकांस विनंती आहे कीं, ती परवानगी वाचल्यावांचून देऊं नये. फोन हरवल्यास दुरूनच त्यांतील सर्व कांहीं पुसून टाकण्याचा अधिकार तीत कचेरीस दिलेला असूं शकतो. कचेरीच्या दृष्टीनें हें रास्त आहे. गिऱ्हाइकांचीं गुपितें रस्त्यावर पडूं नयेत. पण त्याच फोनांत मुलाच्या नामकरणाचीं छायाचित्रें व कैलासवासी आजोबांचा आवाज असेल, तर तेंहि त्याबरोबर जाईल. कांहीं कचेऱ्या फक्त आपल्या खात्यापुरतेंच पुसण्याची व्यवस्था करतात. आपली कचेरी कोणती व्यवस्था करते तें खातें जोडण्यापूर्वीं विचारावें, आणि छायाचित्रांची दुसरी प्रत घरीं ठेवावी.

राहिला प्रश्न किल्लीचा. पूर्वीं मेल प्रोग्रामला पासवर्ड सांगितला म्हणजे झालें. तो तें लक्षांत ठेवी व दर वेळीं सर्व्हरला सांगे. पासवर्ड चोरीस गेला कीं सगळी पेटी गेली. म्हणून गूगलनें 2022 सालच्या मे अखेरीपासून खाजगी खात्यांसाठीं, आणि मायक्रोसॉफ्टनें त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून कचेऱ्यांच्या खात्यांसाठीं, ही जुनी रीत बंद करण्यास आरंभ केला. आतां प्रोग्राम आपल्याला गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावर नेतो. तेथें आपण ओळख पटवितों, आणि प्रोग्रामला मिळते ती पासवर्डऐवजीं एक चिठ्ठी. ती चिठ्ठी हवी तेव्हां रद्द करतां येते. एखाद्या घरीं जुना प्रोग्राम एका सकाळीं एकाएकीं "पासवर्ड चुकला" म्हणूं लागला व पासवर्ड तर बरोबर आहे, असें झालें असेल, त्याचें कारण बहुधा हेंच. जुना प्रोग्राम चिठ्ठीची भाषा शिकलेला नसतो. गूगल अशा प्रोग्रामसाठीं सोळा अक्षरांचा एक निराळा पासवर्ड काढून देतें. पण नवा प्रोग्राम घेणें अधिक बरें.

येथें एका गोष्टीकडे लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें. सर्वच गडी आपल्या घरून थेट पेटीपाशीं जात नाहींत. कांहीं प्रोग्राम आपली किल्ली स्वतःच्या मालकाकडे नेऊन ठेवितात. मग मालकाचे सर्व्हर आपल्या पेटीपाशीं जातात, पत्रांच्या नकला आपल्याकडे आणतात, आणि त्या आपल्याला दाखवितात. विंडोजसाठीं काढलेला नवा आउटलुक इतर कंपन्यांचीं खातीं जोडतांना असेंच करतो, आणि तसें तो आरंभीं सांगतोहि. पण तें पान वाचतो कोण? घरगुती पत्रांस हें चालत असेल. कचेरीचें पत्र मात्र आपल्या मालकीचें नाहीं. तें तिसऱ्याच्या घरीं ठेवावयाचें असल्यास कचेरीस विचारूनच ठेवावें.

भाऊसाहेबांचीं पत्रें परत कशीं गेलीं तें सांगावयाचें राहिलें. घरच्या संगणकांत तेंच खातें आयमॅपच्या रीतीनें दुसऱ्यांदा जोडलें. आतां डाव्या बाजूस दोन पेट्या दिसूं लागल्या: एक पॉपची, संगणकांतील, दुसरी आयमॅपची, सर्व्हरवरील. पहिलींतील सर्व पत्रें निवडून त्यांची नक्कल दुसरींत टाकली, आणि शाळेंत बाईंना फोन केला. त्यांच्या पडद्यावर एकेक जुनें पत्र आपल्या मूळच्या तारखेसह परत येऊं लागलें. सुमारें अर्ध्या तासांत परीक्षा मंडळाचें पत्रहि आलें. मगच पॉपचें खातें काढून टाकलें. हा क्रम उलट केल्यास पत्रें जाण्याचा धोका असतो, म्हणून ज्यांस हें करावयाचें आहे त्यांनीं आधीं नक्कल, मग पडताळा, आणि शेवटीं काढणें हाच क्रम ठेवावा.

आयमॅपमध्यें 1997 सालीं एक भर पडली. तिच्यामुळें सर्व्हर नवें पत्र येतांच ताटकळत बसलेल्या प्रोग्रामला तत्काळ कळवितो. जेवतांना फोन वाजतो तो अशाच सोयींमुळें. फ्रान्सांत 1 जानेवारी 2017 पासून असा कायदा आहे कीं, पन्नास अथवा अधिक नोकर असलेल्या कंपन्यांनीं कामाच्या वेळेबाहेर अशा पत्रांपासून मोकळीक मिळण्याविषयीं नोकरांच्या प्रतिनिधींशीं वाटाघाटी केल्या पाहिजेत. आपल्याकडे तसा कायदा नसला तरी प्रत्येक फोनमध्यें एका खात्यापुरती सूचना बंद करण्याची सोय आहे. पत्र पेटींत राहतेंच. फक्त हांक थांबते. रविवारच्या उपासनेच्या वेळीं आमच्या मंडळींतील किती पालकांस ही सोय ठाऊक नाहीं, हें आम्ही दर आठवड्यास कानांनीं ऐकतों.

विद्यार्थ्यांस एक प्रयोग सुचवितों. आई-वडिलांच्या परवानगीनें, आणि कचेरीच्या नव्हे तर घरच्या खात्यावर, तो करावा. एकच खातें फोनवर व संगणकावरील मेल प्रोग्राममध्यें जोडलेलें असावें. दुसऱ्या कोणाकडून एक पत्र मागवावें. दोन्हीकडे तें ठळक अक्षरांत दिसेल. आतां फोनवर तें उघडून वाचावें, आणि एक-दोन मिनिटांनीं संगणकाच्या पडद्याकडे पाहावें. तेथील ठळक अक्षरें आपोआप साधीं झालीं, तर दोन्ही गडी एकाच अस्सलापाशीं जात आहेत. अक्षरें ठळकच राहिलीं, तर बहुधा संगणकानें पत्र उचलून आणलें आहे. मग व्यवस्थेचें पान उघडून तेथें 'पॉप' हा शब्द आहे कीं काय, आणि त्याच्या खालीं कोणता आंकडा लिहिला आहे, तें वडिलांस दाखवावें.